फ्लेक्सवरची डॉक्टर

नव्या फ्लेक्सला रंगाचा उग्र वास येतो. काल आमच्या गावी, कोल्हारच्या स्टँडवर तो नाकात गेला आणि मला माझा फ्लेक्स आठवला.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत मला शब्दच फुटला नाही. हातातल्या हाडाचं नाव पाठ होतं, तरीही. त्याआधी आठवडाभर झोप नव्हती. ‘मला हे जमणार नाही’ एवढंच वडिलांना, आप्पांना सांगायला मी एसटीनं गावी आले. उतरले तर समोर फ्लेक्सवर आठ फुटांची मीच, उसना स्टेथोस्कोप घातलेली, नावाआधी ‘डॉक्टर’.

घरी शेजारच्या काकू ओट्यावर वाट बघत बसलेल्या.

“आल्या डॉक्टरीणबाई! काकूची नाडी बघ बरं,” आप्पा म्हणाले.

मी मनगट धरलं.

“अगं, तुजाच हात कापतोय की,” काकू म्हणाल्या.

“एसटीत उभी राहून आलीय, दमली असंल,” आप्पा हसले आणि त्यांनी चहा टाकायला सांगितलं. सांगायचं ते राहूनच गेलं. ‘दमली असंल’ या वाक्याचा राग मी आप्पांवर कित्येक वर्षं धरला.

कालचा फ्लेक्स गावातल्या एका मुलीचा. नुकता प्रवेश मिळालाय, आणि लगेच ‘डॉक्टर’! खाली शुभेच्छुकांत पहिला फोटो माझा. तो मागायला तिचे वडील माझ्या दवाखान्यात आले होते, तेव्हा ती शेजारी ओढणीचं टोक पिळत बसली होती. बोटं थरथरत होती. मी पाहिलं होतं.

“उन्हातून आलीय,” मीच म्हणाले, “पाणी द्या तिला.”