बेरेंडची चिकणमाती आणि अलिडाची खिडकी

वेमकेने बेरेंडना पहिल्यांदा नीट पाहिलं ते काचेतून. ती या डच गावातल्या गल्लीत नुकतीच राहायला आली होती. समोरच्या घरात एक उंच, रुंद खांद्यांचा म्हातारा खिडकीशी उभा होता. ऑर्किडच्या कुंडीतला झाडाच्या सालीचा एकेक तुकडा चिमटीत धरून तो उजेडात निरखत होता आणि घासात खडा लागावा तसं तोंड करत होता.

हे काही चोरून बघणं नव्हतं. इथे दिवसा कुणी पडदे ओढत नाही. प्रत्येक खिडकीत दोन सारख्या कुंड्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि जाणारा-येणारा त्या बघतो, कारण त्या बघण्यासाठीच ठेवलेल्या असतात.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच फाटकापाशी आले.

"शेजारीणबाई, तुम्ही कुठल्या?"

"ड्रेंटेकडची."

"म्हणजे रेताड जमिनीच्या मुलखातल्या. वाळूवरच्या." मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाशी बोलावं इतक्या मायेने त्यांनी हे म्हटलं. "असू दे. माणसाला गाव निवडता येत नाही."

बेरेंडनी ग्रोनिंगेन प्रांताच्या उत्तरेकडच्या चिकणमातीत जन्मभर बटाटे आणि गहू काढला होता. शेत आता पुतण्याकडे होतं. गावातल्या या छोट्या घरात येताना बायकोने, अलिडाने, आपली मोठी बाग मागे सोडली आणि त्या बदल्यात एकच गोष्ट मागितली: रस्त्याकडची खिडकी माझी. त्या खिडकीतली दोन पांढरी ऑर्किडं म्हणजे तिची उरलेली बाग. सध्या ती शहरात होती. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिथल्या केंद्रात ती पुन्हा चालायला शिकत होती. जाताना तिने बजावलं होतं, "कुंड्यांतली साल कुजलीय. नवीन मिश्रण आणून भर. मी येईपर्यंत दोन्ही जगली पाहिजेत."

बेरेंडनी दुकानातून 'ऑर्किड मिश्रण' लिहिलेली एक पिशवी आणली होती. वेमकेला कॉफीला बोलावलं तेव्हा तिच्यातली साल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओतलेली होती.

"ही माती आहे का, सांगा तुम्ही! हे सरपण आहे. यात झाडाने पाय कुठे रोवायचे?"

"अहो, रानात ही झाडं दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात. त्यांच्या मुळांना मातीपेक्षा हवा जास्त लागते."

"म्हणजे बिचाऱ्यांना आजवर कुणी जमीनच दिली नाही," बेरेंड म्हणाले आणि दाराआडची बादली पुढे ओढली. तिच्यात त्यांच्या शेतातली माती होती, काळसर, जड, सुरीने कापता येईल अशी. "वास घ्या. या मातीत काठी खोचली तर काठीला पानं फुटतात."

"अलिडाबाईंना विचारलंत का?"

"निकाल लागल्यावर सांगेन." त्यांनी शेतकऱ्याच्या रीतीने तोडगा काढला: चाचणीचे दोन वाफे. डावं झाड मातीत, उजवं सालीत. वेमकेच्या घरी नुसत्या जाड सालीत ऑर्किडं छान वाढत होती, म्हणून उजव्या कुंडीची जामीन तीच राहिली.

पुढे सगळा हिवाळा गल्लीने ही चाचणी काचेतून पाहिली. डावं झाड आधी सुस्तावलं, मग त्याची पानं पिवळी पडून कुत्र्याच्या कानांसारखी लोंबायला लागली. वेमके रोज कामावर जाताना बोटाने डाव्या झाडाकडे खूण करायची आणि बेरेंड आतून मान फिरवायचे. पण मग उजव्या झाडाची पानंही सुरकुतली. त्या दिवशी म्हातारा घरातल्या सपाता घालूनच रस्ता ओलांडून आला.

"तुमचं सरपण तहानेने मरतंय, शेजारीणबाई!" त्यांना इतका आनंद झाला होता की झाड आपल्याच घरातलं आहे हे ते विसरले होते.

वेमके जाऊन बघते तर खिडकीच्या फळीखालीच घर गरम ठेवणारा रेडिएटर. तिची स्वतःची खिडकी थंड, उत्तरेकडची. तिथे जाड साल चालायची. इथे खालून ऊब येत होती आणि घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत उडून जात होतं. तिने आपली चूक कबूल केली. बेरेंडनी कबूल केली नाही. पण हसू मात्र मावळलं, कारण अलिडा शनिवारी घरी येणार होती.

"जोडी गेली तर ती काही बोलणार नाही," ते म्हणाले. "नुसती त्या खिडकीकडे पाठ करून बसेल. तिला मी ओळखतो."

शुक्रवारी सकाळी वेमकेने खिडकीतून पाहिलं. समोरचे पडदे ओढलेले होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

या गावात भरदिवसा पडदे ओढतात ते घरात कुणी वारलं तरच. वेमके धावत रस्त्यावर आली, तर बेकरीवाली सिना आधीच ॲप्रनवर कोट चढवून उभी. कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांनी टोपी काढून हातात धरली होती.

"अलिडा गेली वाटतं," सिना डोळे पुसत म्हणाली. "नाहीतर बेरेंड. मी केंद्रात फोन लावते, खरं काय ते कळेल."

वेमके मागच्या दाराने आत शिरली. बेरेंड जिवंत होते. बाह्या सरसावून ते मोरीपाशी उभे होते आणि डाव्या झाडाच्या मुळांवरची माती नळाखाली धूत होते. मुळं कसली, नुसती तपकिरी, पोकळ सालपटं हातात येत होती.

"अहो, कोण गेलं?"

"कोण जाणार? हे चाललंय." त्यांनी झाड वर धरलं. "गल्लीला दिसू नये म्हणून पडदे ओढले."

"गल्ली तुमच्यासाठी रडतेय बाहेर!"

इतक्यात फोन वाजला. बेरेंडचे हात ओले म्हणून वेमकेने तो उचलून स्पीकरवर टाकला.

"बेरेंड," अलिडाचा आवाज आला, "आत्ता सिनाचा फोन आला होता. माझ्याकडेच माझ्या जाण्याचं दुःख व्यक्त करत होती. मी म्हटलं, मी नाश्ता करतेय. मग तिने तुझ्या जाण्याचं दुःख व्यक्त केलं. तू आहेस ना?"

"आहे."

"मग पडदा उघड आधी. आणि माझ्या झाडांचं काय केलंस ते सांग."

बेरेंडनी वेमकेकडे पाहिलं. वेमके छताकडे बघू लागली. मग त्यांनी सांगितलं: बादली, माती, दोन वाफे, सगळं.

"मी काय आणायला सांगितलं होतं?"

"मिश्रण."

"आणि मिश्रण म्हणजे?"

"पिशवीवर तसंच लिहिलं होतं."

"मिश्रण म्हणजे मिसळायचं, बेरेंड! मध्यम साल, थोडा कोळसा आणि खाली रेडिएटर आहे म्हणून मूठभर ओलं शेवाळ. शेवाळ दाबून भरायचं नाही, मोकळं. पाव करताना फुगलेल्या पिठाला जसा हलका हात लावतोस तसा लाव. टणक, जिवंत मुळं किती उरलीत?"

"दोन. हिरवट आहेत."

"दोन पुरे. कुजकी काप. शेजारीण तिथेच असेल, ऐकत. तिला म्हणावं, कॉफी कर."

बेरेंडनी पडदे उघडले. बाहेर सिना आणि टोपीवाले गृहस्थ काचेला नाक लावून उभे होते. बेरेंडनी त्यांना हात केला. टोपीवाल्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. थोडे नाराजच दिसले.

दिवसभर दोघांनी साल भिजवली, शेवाळ पिंजलं, कोळसा फोडला. उजवी कुंडीही तशीच भरली. मातीची बादली बेरेंड स्वतः मागच्या अंगणात ठेवून आले. "बटाट्यांना लागेल," एवढंच म्हणाले.

शनिवारी अलिडा आली ती कोट न काढता, कुबडी टेकत थेट खिडकीपाशी गेली. उजवं झाड बरं होतं. डाव्याला दोन पानं आणि काठीचा आधार. तिने दोन्ही कुंड्यांत बोट खुपसलं, मिश्रण चिमटीत घेऊन दाबलं, सोडलं. बेरेंड तिच्यामागे अवघडून उभे होते. वेमकेने कॉफीचा कप हातात घेतला तो तसाच राहिला.

"याहून वाईट असू शकलं असतं," अलिडा म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

त्या मुलखात याच्यापुढची शाबासकी नाही. बेरेंड कानापर्यंत लाल झाले.

डाव्या झाडाला फूल यायला बराच काळ गेला. आलं तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने येता-जाता मान वळवली. आता कुणाचं ऑर्किड रुसलं की लोक बेरेंडकडे येतात. ते आधी विचारतात, खिडकी कुठल्या दिशेची आणि खाली रेडिएटर आहे का, मगच शेवाळाला हात घालतात. वाळूवरच्यांना ते मूठभर जास्त देतात, विचारलं तर कारण सांगत नाहीत.

बेरेंड आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि रोज सकाळी उठल्यावर खिडकीचे पडदे तेच उघडतात.