सासऱ्यांची वामकुक्षी

जर्मनीत व्हिडिओ आर्टिस्ट म्हणून मला पहिलं नाव मिळालं ते सासऱ्यांच्या घोरण्यामुळे. दोन हजारच्या दशकात ते पुण्याहून आमच्याकडे बॉबलिंगेनला राहायला आले होते. दुपारी जेवून सोफ्यावर आडवे झाले की घर दणाणून सोडत. त्यांना विचारून मी त्यांची एक अख्खी झोप चित्रित केली आणि फ्रँकफर्टच्या एका गॅलरीत भिंतभर दाखवली.

उद्घाटनाला ते सुटाबुटात आले. जर्मन मंडळी हाताची घडी घालून गंभीरपणे घोरणं ऐकत होती. एका समीक्षक बाईंनी त्यांना विचारलं, "यात स्थलांतरितांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा थकवा आहे ना?"

मी भाषांतर केलं. सासरे म्हणाले, "अगं, त्यांना सांग, त्या दिवशी वांग्याचं भरीत जरा जास्त झालं होतं."

मी तसंच सांगितलं. बाई "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत मान डोलवू लागल्या. पुढे त्यांनी माझ्यावर भला मोठा लेख लिहिला आणि मला बर्लिनहून प्रदर्शनाचं बोलावणं आलं.

"बाबा, पुन्हा एकदा झोपाल का?" मी चाचरत विचारलं.

"झोपतो की," ते म्हणाले, "पण या वेळी दाढी करून."