मतदारसंघ तोंडपाठ असलेले साडू

सरकार मतदान घेण्याचा एवढा खटाटोप का करतं, हे मला आजवर कळलेलं नाही. यंत्रं आणा, शाळा रिकाम्या करा, मास्तरांना उन्हातान्हात पिटाळा, लोकांच्या बोटांना शाई फासा. त्यापेक्षा आमच्या थोरल्या साडूंना एक फोन लावला असता तर काम भागलं असतं. कोणत्या गावात कोणत्या गल्लीत कुणाची किती घरं आणि ती कुणाकडे झुकणार, हे त्यांना पोटच्या मुलांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं ठाऊक. वाढदिवससुद्धा ते निवडणुकांवरूनच लक्षात ठेवत. "थोरली पोटनिवडणुकीची, धाकटा मुदतपूर्व," असं ते पाहुण्यांना सांगायचे, आणि आतून आमच्या मेव्हणीबाई, म्हणजे अक्का, ओरडायच्या, "पुऱ्या नऊ महिन्यांचा व्हता हो माझा लेक!"

साडूभाऊ घनसावंगीजवळच्या एका खेड्यात मास्तर होते आणि निवृत्तीनंतर तिथंच राहिले. त्यांच्या आयुष्यातलं मोठं दुःख म्हणजे मतदारसंघाची फेररचना. आमचा जिल्हा जालना, पण घनसावंगीची मतं लोकसभेला जातात परभणीत, आणि पैठण, सिल्लोड, फुलंब्रीची माणसं शेजारच्या जिल्ह्यातून येऊन जालन्याचा खासदार ठरवतात. "लेक आपली अन् कन्यादान शेजाऱ्यानं करायचं, असं झालं हे," ते कळवळून म्हणत. फाळणीबद्दलही कुणी इतकं हळहळलं नसेल. मी जालना शहरात राहतो, म्हणजे अस्सल जालन्याचा मतदार. त्यामुळे मला ते थोडा मान देत. साडू म्हणून कधी दिल्याचं आठवत नाही.

पहिल्या निवडणुकीपासूनचे निकाल त्यांनी मोठाल्या वह्यांत गावनिहाय, गल्लीनिहाय, समाजनिहाय उतरवून ठेवले होते. माणूस दिसला की त्याचं आडनाव विचारायचं, गाव विचारायचं, आणि त्याला त्याचं मत सांगून मोकळं व्हायचं. हसनाबादला आम्ही एका लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टकं चालू असताना हे मांडवात उभे राहून माणसं मोजत होते. नवरदेवाच्या बापाला वाटलं, जेवणाच्या पानांची काळजी करून राह्यलेत. बिचाऱ्यानं हात जोडले. साडूभाऊ म्हणाले, "डाव्या अंगाचं सगळं काठावरचं हाय, तिकडं जिलबी जास्त फिरवा." दहाव्याला गेले तरी तेच. विधवा बाईसमोर मांडी घालून, डोळे पुसून म्हणाले, "देवमाणूस गेला, वहिनी. बूथ उघडा पडला आपला."

एवढ्या तपश्चर्येनंतर त्यांचे अंदाज किती खरे ठरले? एकही नाही. त्यांनी निवडून आणलेला उमेदवार हमखास पडायचा. उमेदवारांची माणसं तर म्हणे प्रचारात हात जोडून विनवायची, "सर, आमचं नाव तेवढं घेऊ नका." निकालाच्या संध्याकाळी साडूभाऊ शांतपणे वही मिटायचे. "गणित बिलकुल बराबर व्हतं. लोकं चुकले."

हे सगळं ऐकून घेणारा खरा श्रोता एकच, चौकातले किराणा दुकानदार नामदेव. दोघं एका वर्गात शिकलेले. नामदेवभाऊंचे आजोबा मेंढरं घेऊन गोदाकाठी उतरले आणि तिथंच शेती करून राहिले. म्हणजे वहीत त्यांचा रकाना वेगळा. पण रोज सकाळी दोघं एकाच बाकावर चहा प्यायचे आणि एकमेकांचे उमेदवार पाडायचे.

मग दोनेक वर्षांपूर्वी आरक्षणावरून हवा बदलली. सभा, मोर्चे, फोनवरचे निरोप, आणि बघता बघता चौकातल्या एका चहाच्या हॉटेलाची दोन झाली. कुणी कुठं बसायचं ते कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. त्या दिवसांत एकदा मी साडूभाऊंकडे गेलेलो असताना दारात जीप थांबली. तीन माणसं उतरली. आमच्याच नात्यागोत्यातली, त्यांतला एक त्यांचा जुना विद्यार्थी. साडूभाऊंच्या पाया पडून म्हणाला, "सर, तुमच्या वह्यांची गरज पडली समाजाला."

इतक्या वर्षांत त्या वह्या कुणी मागितल्या नव्हत्या. साडूभाऊंचा चेहरा असा फुलला की काय सांगू! लोखंडी पेटी उघडली, अक्कांना चहा टाकायला लावला, पाटीलगल्लीपासून सुरुवात केली. चांगला तासभर वर्ग चालला. मग विद्यार्थ्यानं चौकाच्या पानावर बोट ठेवलं.

"हे दुकानवाले इथले कोणकोण, सर? यांची यादी पाह्यजे."

"कशाला?"

"आपल्या लोकांनी तिथून सामान घ्यायचं न्हाई. व्यवहार बंद."

"नामदेवचं बी?"

"त्यात काय, सर? तुम्हीच लिहून ठेवलंय, तो कुणाचा हाय ते."

साडूभाऊ पानाकडे पाहत राहिले. चहा आला, कुणी घेतला नाही. मग त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे वळून, अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाले, "साडूभाऊ, सांगा यांना. माझा एक तरी अंदाज खरा निघाला का आजपोतर?"

मी म्हणालो, "एकही नाही."

"ऐकलं? हे सगळं चूक हाय. अख्ख्या तालुक्याला ठाऊक हाय, मलाच उमगलं नव्हतं. जा आता."

विद्यार्थी उठला. "सर, समाज हे इसरणार न्हाई," एवढं म्हणाला. या वेळी पाया पडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वह्या अंघोळीच्या बंबात जायला लागल्या. आठ दिवस त्या घरात पाणी लोकशाहीवर तापलं. सरपण वाचलं म्हणून अक्का खूश होत्या. निदान तसं दाखवत होत्या.

पण यादी झालीच. ती करायला वह्या लागतात कुठे? आणि जीप सरांच्या दारात तासभर उभी होती, हे गावानं पाहिलं होतं. नामदेवभाऊंनी बोलणं सोडलं. मी म्हणालो, "मी सांगतो त्यांना खरं काय झालं ते." साडूभाऊंनी मला अडवलं. "काय सांगनार? लिहिलं तर मीच व्हतं ना इतके साल."

तेव्हापासून ते रोज सकाळी चौक ओलांडून त्या दुकानात जातात आणि पाव किलो साखर घेतात. घरात दोघांनाही मधुमेह. पुतणे बोलेनासे झाले, तरी यांचा नेम चुकत नाही. नामदेवभाऊ मान खाली घालून साखर तोलतात, पुडा पुढे सरकवतात, हे निघून येतात. अक्कांचे डबे केव्हाच भरलेत. आता साखर शेजारीपाजारी वाटली जाते.

गेल्या महिन्यात मी सोबत गेलो होतो. दुपारच्यासारखं ऊन सकाळीच पडलेलं. नामदेवभाऊंनी नेहमीसारखी साखर तोलली, पुड्याला दोरा गुंडाळला, आणि वर न बघताच म्हणाले, "मास्तर, ऊन लई झालंय. छत्री आणत जाय."

साडूभाऊंनी पुडा काखेत मारला आणि निघाले. कोणत्याशा निवडणुकीचे फलक चौकभर लागले होते, पण त्यांनी एकाकडेही पाहिलं नाही. देवळापर्यंत आल्यावर थांबले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मला म्हणाले, "तुमच्याकडं जालन्यात छत्री चांगली कुठं भेटती हो?"