तरुण संघ मैंदर्गीला गेला तो उन्हाळा

आमच्या घरात किस्से कधी कुणी मुद्दाम साठवले नाहीत. ते आपोआप साठत गेले. नाताळला चार भावंडं एकत्र आली, की कुणीतरी म्हणतंच, "तो सिद्दप्पाच्या बैलांचा सांग ना!" आणि एक सांगितला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. सगळ्यांना सगळे पाठ आहेत. तरी सांगणारा कुठं चुकला, तर तिघं मिळून त्याला दुरुस्त करतात. त्यातले निम्मे किस्से एकाच उन्हाळ्यातले आहेत.

सोलापूरच्या मिशन कंपाउंडात आमचं घर होतं. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर, शिवाय मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाचे प्रमुख. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत बाकीचे मास्तर झोपायचे आणि बाबा दुप्पट राबायचे! आम्ही सगळे ओघानंच संघात. मनोहरदादा पेटी वाजवायचा, आई सगळ्यांना खाऊ घालायची, आणि मी, वय वर्षं बारा, दुसऱ्या कुणाला नको असलेलं काम करायची.

त्या वर्षी मनोहरदादाचं लग्न ठरलं होतं, जूनमध्ये. बाबांच्या मनात एकच होतं. लग्नाला आप्पा आले पाहिजेत.

आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. मैंदर्गीला शेती करायचे. बाबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी आप्पांनी विहिरीवर जाऊन भावाच्या नावानं आंघोळ केली, मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. त्याला चौदा वर्षं झाली होती. तेव्हापासून भेट नाही, पत्राला उत्तर नाही. मी तर त्यांना पाहिलंही नव्हतं. मनोहरदादाला मात्र त्यांच्या खांद्यावर बसून जत्रेला गेल्याचं आठवायचं.

पण ते पुढं. आधी गाण्यांचा किस्सा.

*

पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, आठवड्यात तरुण संघ रोज पहाटे गाणी म्हणत कंपाउंडभर फिरायचा. मंडळीतल्या लोकांना प्रार्थनेला उठवायचं, हा हेतू. पहिल्याच दिवशी मनोहरदादा सगळ्यांच्या पुढं, डोळे मिटून, वरच्या पट्टीत! त्या नादात तो एक गल्ली आधीच वळला आणि अख्खा संघ त्याच्या मागून शेजारच्या विणकर गल्लीत शिरला.

तिथं सगळी गिरणीत जाणारी तेलुगू माणसं. एवढा आवाज ऐकून त्यांना वाटलं, भोंगा होऊन गेला, आपण झोपून राहिलो! धडाधड दारं उघडली. बायकांनी हाताला लागेल ती भाकरी फडक्यात बांधली आणि गल्लीच्या गल्ली गिरणीकडं पळाली. फाटक बंद. आतून रखवालदार म्हणाला, "अजून दीड तास हाय. आज काय फुकट काम करायचं ठरवलंय का?"

संध्याकाळी गल्लीतला एक म्हातारा आमच्या दारात. बाबांनी आधीच हात जोडले. म्हातारा म्हणाला, "गुरुजी, गाणं लई चांगलं हाय तुमचं. भोंग्यापेक्षा तर लईच बरं. पण उद्यापासनं जरा टाइमात म्हना की!"

*

मग संघाचा वाढदिवस. हा कंपाउंडातला मोठा सण. पताका, सरबत, शर्यती, आणि शिट्टी घेऊन मधोमध उभ्या आमच्या मडमबाई. त्या अमेरिकेहून आल्या होत्या. मराठी अगदी पुस्तकी बोलायच्या आणि नियमाच्या फार पक्क्या होत्या. कुठलाही प्रोग्रॅम असो, नियम कागदावर लिहून आणायच्या आणि शिट्टीशिवाय त्यांचं पान हलायचं नाही.

बायकांची लिंबू-चमच्याची शर्यत लागली. दातात चमचा, चमच्यात लिंबू. तरण्याताठ्या मास्तरणी चार पावलांत बाद! आणि आमच्या मार्थाकाकू, साठीच्या, नऊवारी नेसून गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरणाऱ्या, अशा तुरुतुरु गेल्या की थेट फर्स्ट. टाळ्या पडल्या. मडमबाईंनी वासाच्या साबणाची वडी बक्षीस दिली. ती घ्यायला काकूंनी चमचा तोंडातून काढला आणि उपडा धरला. लिंबू पडेचना!

मडमबाईंनी जवळ जाऊन पाहिलं. लोणच्यातली फोड होती. चांगली दोन वर्षं मुरलेली.

"मार्थाबाई, हे लिंबू नव्हे!"

"लिंबूच हाय की! ताजं का मुरलेलं, ते तुमी कुटं सांगितलं?"

मडमबाईंनी कागद काढून दोनदा वाचला. खरंच लिहिलं नव्हतं. साबण काकूंकडेच राहिला, आणि पुरावा त्यांनी तिथंच खाऊन टाकला.

*

त्याच आठवड्यात लग्नाचं आमंत्रण परत आलं. बाबांनी पहिलं कार्ड आप्पांना पाठवलं होतं. पोस्टमननं ते आईच्या हातात ठेवलं. पाकीट फोडलेलंही नव्हतं. जेवताना बाबांनी ते ताटाशेजारीच ठेवलं होतं. मला फार राग आला होता आप्पांचा, न पाहिलेल्या माणसाचा येईल तेवढा.

हात धुतल्यावर बाबा म्हणाले, "पत्र परत पाठवता येतं. माणूस दारात आल्यावर काय करतील? यंदा संघाची सहल मैंदर्गीला!"

आई म्हणाली, "आन् दार लावून घेतलं तर?"

"तर दारासमोर नाटक करू."

ही चेष्टा नव्हती. सहलीत संघ दर वर्षी एखाद्या गावात नाटक करायचाच. त्या वर्षी बाबांनी ते शास्त्रातल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यावर, म्हणजे गोष्टीवर, लिहिलं. एका बापाचे दोन मुलगे. धाकटा आपला वाटा घेऊन निघून जातो, सगळं उधळतो आणि चिंध्या पांघरून परत येतो. बाप आनंदानं घरात जेवण घालतो. शेतात राबून आलेला थोरला मात्र चिडून दारातच उभा राहतो, आत येत नाही. बाप झाला मनोहरदादा, कापसाची दाढी लावून. थोरला झाला गिरणीतल्या फिटरचा शमुवेल. धाकटा झाला माझा भाऊ दाविद, कारण उधळपट्टीचा त्याला सराव होता! मी वही धरून मागून वाक्यं सांगणार होते.

*

तालमीच्या वेळी सिद्दप्पा गाडीवान भाडं ठरवायला आला होता. लिंगायत माणूस, बहीण मैंदर्गीलाच दिलेली. कोपऱ्यात बसून ऐकत होता. धाकटा परत आल्याच्या आनंदात बाप म्हणतो, पोसलेलं वासरू कापा. हे ऐकल्यावर सिद्दप्पा ताडकन उठला.

"अय्यो शिवा! वासरू? बेड गुरुजी, बेड, नको! मैंदर्गीत वासरू कापलं तर परत येताना माझ्या गाड्या रिकाम्या येतील!"

बाबा विचारात पडले. "मग काय करावं म्हणतोस?"

"हुग्गी करा की! आमच्यात आनंद झाला की हुग्गीच करत्यात."

हुग्गी म्हणजे खपली गव्हाची, गुळाची दाट खीर. बाबांनी तिथल्या तिथं वासरू खोडलं आणि हुग्गी लिहिली. मडमबाईंच्या कानावर गेलं, तशा त्या तरातरा आल्या.

"गुरुजी, पवित्र शास्त्रात हुग्गी नाही!"

बाबा म्हणाले, "मडमबाई, पवित्र शास्त्रात मैंदर्गीही नाही."

मडमबाईंनी शास्त्राची दोन पानं उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "ती गोड असते का?" वासरू वाचलं!

*

आता बैलांचा. तीन गाड्या, पंचवीस माणसं, दोन दिवसांचा रस्ता. अक्कलकोट मागं पडलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओढ्याच्या वरच्या अंगाला आम्ही झाडाखाली थांबलो. पोरं पांगली होती. त्यांना प्रार्थनेला जमवायला मडमबाईंनी लांबलचक शिट्टी फुंकली.

आमच्याकडं बैलांना पाणी पाजताना गाडीवान शीळ घालतात, हे कंपाउंडातल्या कुणाला ठाऊक! पहिल्या गाडीचे बैल जुंपलेलेच होते. त्यांनी कान टवकारले आणि निघाले सरळ उतारावरून ओढ्याकडं, गाडीत पेटी, भांडी आणि झोपलेला शमुवेल! मडमबाई घाबरल्या आणि थांबवण्यासाठी आणखी जोरात शिट्टी वाजवायला लागल्या. जसजशी शिट्टी, तसतसे बैल पळताहेत!

सिद्दप्पा मागून ओरडत होता, "बाई, शिट्टी काढा तोंडातनं! पितील की ते, न सांगता पितील!"

बैल डोहात गुडघाभर शिरले आणि शांतपणे पाणी प्यायला लागले. पेटी वाचली. शमुवेलनं मात्र जागा होताच उडी टाकली आणि त्याचा पाय मुरगळला. एवढा सुजला, की थोरल्या भावानं दारात उभं राहायचं ते राहणार कसं? संघातल्या कुणालाच त्याची वाक्यं येत नव्हती. येत होती फक्त लिहिणाऱ्याला.

बाबा म्हणाले, "मी उभा राहतो."

आईनं त्यांच्याकडं पाहिलं.

*

मैंदर्गीत सिद्दप्पाच्या बहिणीच्या घरापुढच्या पटांगणात, ऊन कलल्यावर, नाटक लागलं. दोन वासे रोवून त्यांना आईचं लुगडं बांधलं, ते घराचं दार. दाराच्या आत पत्रावळी. त्या रिकाम्या ठेवायला आई तयार होईना. "पाहुण्यापुढं रिकामं पान? नाटकात बी न्हाय मांडायची मी!" म्हणून तिनं दुपारी चुलीपाशी बसून खरीच हुग्गी रांधली होती. अर्धं गाव जमलं होतं; मनोहरदादाच्या लग्नाची बातमीही सिद्दप्पाच्या बहिणीनं गावभर पोचवली होती. सगळ्यात मागं, पिंपळाखाली, काठी टेकून एक उंच म्हातारा उभा होता, अंग जरासं वळवून, रस्त्यानं जाताजाता थांबल्यासारखा. मनोहरदादानं दाढीतून मला हळूच सांगितलं, "ते आप्पा."

दाविदनं उधळपट्टी झकास केली. तो चिंध्यांत परत आला, बापानं गळ्याशी धरलं, हुग्गी वाढली. आणि बाबा खांद्यावर नांगर घेऊन दारात आले. म्हणाले, मी आत येणार नाही.

झालं! सगळे शेतकरी थोरल्याच्या बाजूचे! "बरोबर हाय त्येचं!" एकजण ओरडला. "राबायचं ह्यानं आन् हुग्गी त्येला व्हय?"

बाबांनी पुढचं वाक्य म्हटलं. त्याच्या पुढचंही म्हटलं. मग ते जे बोलायला लागले, ते मला वहीत सापडेना. मी पानं उलटते आहे, पुन्हा उलटते आहे. बाबांची शाळेतली मराठीसुद्धा कुठं गेली कोण जाणे.

"बाप गेला तवा खांदा मी दिला. धाकटा कुटं हुता? आई दोन वरसं हातरुणात हुती, तिचं सगळं मी केलं. धाकट्याला शिकायला सोलापूरला मी धाडलं, माज्या कानातली भिकबाळी मोडून. तवा त्यो गेला, त्यो गेलाच. मला विचारलं बी न्हाय. मला काय वाटंल, एकदा बी विचारलं न्हाय."

मला रडू यायला लागलं होतं आणि का ते नीट कळत नव्हतं. मनोहरदादाची पाळी होती. त्यानं कसंबसं म्हटलं, "ये बाळा, आत ये." बाबा तसेच उभे. त्यानं पुन्हा म्हटलं. बाबा तसेच. नाटक इथंच संपायचं होतं, कारण थोरला शेवटी आत गेला की नाही, ते शास्त्रात सांगितलेलंच नाही. पण वर बांधलेलं लुगडं सोडून पडदा पाडायचं काम माझं, आणि मी हातात वही घेऊन नुसती बघत राहिले.

पिंपळाखालून काठीचा आवाज आला. लोक बाजूला झाले. आप्पा चालत चालत थेट दारापाशी आले, बाबांच्या समोर उभे राहिले. दोघांचं नाक सारखंच होतं.

"थोरला मी हाय," आप्पा म्हणाले. "तू सरक."

बाबा सरकले. आप्पा लुगड्याखालून वाकून आत आले, काठी बाजूला ठेवली आणि दाविदच्या शेजारच्या पत्रावळीपुढं मांडी घालून बसले. "वाढा."

आईनं पळी उचलली. तिनं वाढलं. आप्पांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मान वर न करता म्हणाले, "गूळ कमी पडलाय." आईनं पदरानं डोळे पुसले आणि आणखी एक पळी वाढली. ती त्यांनी नको म्हटली नाही.

पान चाटूनपुसून झाल्यावर आप्पांनी तोंड पुसलं. समोर कापसाच्या पांढऱ्या दाढीत मनोहरदादा तसाच उभा होता. आप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं, आणि बाबांकडं वळून विचारलं,

"आन् काय रं, ह्या म्हाताऱ्याचं लगीन कवा हाय म्हनं?"