काचेच्या हॉलमधला चहा

दिघोरीतलं आमचं घर मालगुजारीच्या काळातलं. मातीच्या भिंती इतक्या जाड, की एका भिंतीच्या बिळात शिरलेली मांजर परत दिसलीच नाही. पुढे तिची नातवंडं पलीकडच्या बाजूने बाहेर पडली. अशा घराला मी नवा हॉल जोडायला काढला. उंच जोतं, सपाट स्लॅब, अंगणाकडची अख्खी बाजू काचेची. घाई होती, कारण दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावात जत्रा आणि रात्री नाटक असतं त्या दिवशी, सिहोऱ्याचे पाहुणे आमच्या लेकीला पाहायला येणार होते. मुलगा तिला फोटोतच आवडला होता. हे तिने फक्त आईला सांगितलं, म्हणजे गावाला ठाऊक झालं.

हॉलमध्ये जायला जुनी भिंत फोडावी लागणार होती. बाबा तिला पाठ लावून बसले.

"मांजरीचं खानदान राहते आत. हात लावून तर पाह्य भिंतीले!"

शेवटी हॉलला दार राहिलं ते फक्त अंगणातून.

मंडईच्या संध्याकाळी पाहुणे हॉलमध्ये बसले आणि मी हौसेने सगळे दिवे लावले. त्याच वेळी लोक बसायला बोऱ्या घेऊन नाटकाला जागा धरायला निघाले होते. त्यांना दिसलं उंच जोतं, झगझगीत उजेड, वर नटून बसलेली माणसं. बसले की सगळे आमच्याच अंगणात! माझ्या अंदाजाने अर्धा लाखांदूर तालुका.

लेक जुन्या घरातून चहाचा ट्रे घेऊन निघाली, तशा टाळ्या पडल्या.

"हिरोइन आली गा!"

मुलाच्या वडिलांनी हळूच काहीतरी विचारलं.

"आवाज येऊन नाही राहिला जी!" अंगणातून ओरड.

होणारे व्याही हौशी निघाले. उभे राहून, हात पसरून गरजले, "पोरी, सैपाक येते का तुले?"

"तुमच्या पोराले येते का, ते सांगा आंधी!" एक काकू खालून म्हणाली.

मुलगा लालबुंद झाला. मग उठला, रिकामे कप गोळा केले आणि लेकीच्या मागोमाग अंगण ओलांडून थेट आमच्या जुन्या सैपाकघरात शिरला. शिट्ट्यांनी स्लॅब हलला.

बराच वेळ झाला, दोघं येईनात. मी बायकोला पाठवलं. ती पदरात हसत परतली.

"चहाचं दुसरं आंधण चढवलं त्यायनं. मलेच बाहेर काढलं!"

आता काचेआड उरलो आम्ही म्हातारे. पब्लिक बोऱ्या झटकून उठलं.

"यायले काय पाहाचं गा? चला नाटकाले!"

व्याही धावत जोत्याच्या कडेला आले आणि हात जोडून ओरडले, "अजी, थांबा ना थोडं! लग्नाची तारीख काढाची आहे अजून!"