फीचा आजचा भाव

केळी भरायची म्हणजे आधी गाडीची वाट बघायची. रावेरला आमची अकरा जणांची टोळी, मी मुकादम. रिकाम्या क्रेटवर बसलं की किस्से साठतात. गेली चार वर्षं बहुतेक किस्से माझ्या नातीच्या फीचे!

जागृती याच क्रेटवर बसून बारावी झाली. पुण्याकडच्या मोठ्या खासगी विद्यापीठात तिचा नंबर लागला. मार्कांवर अर्धी फी माफ. मी चौथी शिकलेला. उरलेल्या अर्ध्या फीचा आकडा टोळीत सांगितला.

आमचा भाईदास म्हणाला, "आबा, पूर्ण फी भरली तर विद्यापीठ आपल्या नावावर करून देतात का?"

*

फी दर वर्षी वाढायची. केळीचा भाव रोज निघतो. तो ऐकला की भाईदास विचारायचा, "आणि फीचा?"

"चढला."

"केळीचा पडला, फीचा चढला! आबा, पुढच्या हंगामाला वावरात फीच लावू!"

*

दुसऱ्या वर्षी मी स्वतः विद्यापीठात गेलो. फीच्या खिडकीतल्या मॅडमना म्हणालो, "पोरगी दोन महिने सुट्टीत घरी असते. त्या दोन महिन्यांची फी कशाची?"

"बाबा, फी पूर्ण वर्षाची असते."

"घडाचा दांडा कोणी खात नाही. आमच्याकडे वजनातून दांडा वजा करतात. तुम्हीही करा."

मॅडमनी साहेबांना बोलावलं. साहेब हसले. "इथे दांडा वजा होत नाही, बाबा."

"मग सुट्टीतही शिकवा!"

त्या सुट्टीत जागृतीला तिथल्याच लॅबमध्ये काम मिळालं. ते तिच्या मार्कांवर मिळालं. टोळीत मी तसं सांगितलं नाही.

*

तिचा बाप केळीचा ट्रक चालवतो. त्याची कमाई आणि माझी मुकादमी, यात दोन वर्षं निघाली. तिसऱ्या वर्षी फी एकदम चढली. जागृतीचा फोन आला, "आबा, मी धुळ्याच्या कॉलेजात येते. तिथे परवडेल."

मी "बघू" म्हणालो. फोन ठेवला.

टोळीतली अक्का शेजारीच केळी धूत होती, तिने सगळं ऐकलं. माझ्याच वयाची, धुळ्याकडची. चाळीस वर्षं रावेरला काढली, बोली बदलली नाही. ती सगळ्यांना म्हणाली, "रविवारनी गाडी जागृतीनी!" म्हणजे रविवारची सगळ्यांची मजुरी तिच्या फीला.

मी उठलो. "मी कोणापुढे हात पसरत नाही."

"तुले कोन इचारस? पोर आमनी बठ्ठासनी शे!" तिच्या बोलीत बठ्ठा म्हणजे सगळे, शे म्हणजे आहे.

दोन वर्षं रविवारची गाडी तशीच भरली. एरवी कामाला उशिरा येणारा भाईदास रविवारी सगळ्यांच्या आधी हजर! मुकादम मी, पण त्या दिवशी हुकूम अक्काचा.

*

यंदा जागृतीला पदवी मिळाली. कार्यक्रमाचे पास दोनच. तरी माझ्या मुलाने ट्रक धुतला आणि तो अख्खी टोळी घेऊन निघाला. सगळ्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते. भाईदासच्या ठेवणीतल्या शर्टवरही केळीच्या चिकाचा डाग होता. तो डाग धुऊन जात नाही.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने हात आडवा केला. "पास दोन आहेत. आईवडील आत जातील. बाकीचे कोण? नातेवाईक?"

मी तोंड उघडणार, तोच अक्का पुढे झाली.

"आम्ही? आम्ही बठ्ठा तिनी फी शेतस!"