पुसला गेलेला शिक्का

घासलेट लावलेल्या पॉलिशपेपरचा वास आला की मला बारवीकडच्या पाड्यावरचा एक जुना दसरा आठवतो. जुन्या बंदुकांवरचे शिक्के वाचायचा मला तेव्हा नाद होता. पाड्यावरच्या धर्माने पूजेआधी घरची ठासणीची बंदूक माझ्याकडे दिली. नळीवरचा शिक्का वाचता यावा म्हणून मी गंज घासत गेलो, आणि गंजाबरोबर शिक्काही गेला.

दसऱ्याला धर्माच्या आंधळ्या बापाने नेहमीसारखा नळीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"धर्मा, ही कुणाची रं?"

"आपलीच हाय, बा."

"आपलीवर शिक्का हाय. ज्याची त्याला देऊन ये."

धर्माने माझ्याकडे पाहिलं. मी पॉलिशपेपर खिशात कोंबला. म्हाताऱ्याने चाचपडत जाऊन बंदुकीच्या रिकाम्या खुंटीला झेंडू वाहिला.

तेव्हा मला हळहळ वाटली, ती शिक्का वाचायचा राहिला याची.